दोन सूत जागा

मिस्त्रींनी तीस वर्षं उंच इमारतींना काचा बसवल्या. हाताखालच्या माणसांमागे त्यांचा एकच धोशा असे, "काचेला चहूबाजूंनी दोन सूत जागा सोडा. गव्हाच्या दाण्याएवढी. इमारत वाऱ्यात डुलते रे, काचेला अंग हलवायला नको?" कुणी काच घट्ट ठोकली, की मिस्त्री त्याची चारचौघांत बिनपाण्याने करत.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, तोही मुलीच्या घरी. अठराव्या मजल्यावरच्या तिच्या झोपायच्या खोलीत खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घाली आणि दोन महिन्यांची नात दचकून उठे. आजोबाच ते, विरघळले. नवी काच चौकटीच्या पुऱ्या मापाची कापून आणली आणि सुई शिरणार नाही अशी बसवली. नात गाढ झोपू लागली.

मग ती वादळाची दुपार आली. मिस्त्री मुलीकडेच होते. दिवाणखान्यातली मोठी काच इमारत बांधताना त्यांनीच बसवलेली. वाऱ्याच्या प्रत्येक तडाख्यासरशी ती आत फुगे आणि परत जागेवर जाई. तिच्यात दिसणारा दिवा लांब होई, आखूड होई. काच हलते हे ते जन्मभर सांगत आले होते, पण डोळ्यांनी आजच पाहत होते. घाबरायचं विसरून मिस्त्री आ वासून बघत राहिले. एवढं वादळ ही पातळ काच मुकाट्याने अंगावर घेत होती. त्यांना हात जोडावेसे वाटले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बारीक आवाज आला. टक्.

मुलीला तो ऐकूही आला नाही. मिस्त्रींनी मात्र ओळखलं, काचेला तडा गेला. नात तिथेच झोपली होती. ते धावले, तिला दुपट्यासकट उचललं, मुलीला खिडक्या नसलेल्या बोळात ढकललं आणि खोलीचं दार ओढून घेतलं. दार लागतंय न लागतंय तोच आत काच खळ्ळकन फुटली.

वादळ ओसरल्यावर दोघं दारात उभी राहिली. पाळणा काचेच्या चुऱ्याने भरला होता.

"बाबा, बाहेरची एवढी मोठी काच टिकली, मग ही कशी गेली?"

"ती मिस्त्रीने बसवली होती. ही आजोबाने. चुकलो गं मी. आता दोन सूत सोडूनच बसवतो."

"पुन्हा शिट्टी वाजेल. ही उठेल."

"उठू दे," मिस्त्री नातीला छातीशी धरून म्हणाले. "थोपटायला मी येत जाईन."