टर्बोची शिट्टी घेऊन डोंबिवलीहून मोहन्याला

आमच्या खालच्या मजल्यावरच्या नाडकर्णीबाईंची तुरीची डाळ कच्ची राहायला लागली, म्हणून मला ठाणे आणि मोहने असा दोन दिवसांचा प्रवास करावा लागला. ज्यांच्या घरी टर्बोची गाडी आहे आणि ती अजून पळावी म्हणून ज्यांचे हात शिवशिवतायत, त्यांनी हे वाचावं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही वाचावं. कुकर तर असेलच.

माझी नात केतकी. वय लग्नाचं, डोकं बॉनेटमध्ये. तिनं स्वतःच्या पगारातून टर्बो पेट्रोलची लाल गाडी घेतली. टर्बो म्हणजे काय ते मी तिच्याकडून नीट समजून घेतलंय, कारण त्या गाडीत मला बसायचं असतं. इंजिनातून बाहेर पडणारा धूर जाता जाता एक पंखा फिरवतो आणि त्या पंख्याच्या जोरावर इंजिनाच्या घशात जास्तीची हवा कोंबली जाते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. पण पाय उचलला की कोंबलेली हवा मध्येच अडकते. तिला वाट द्यायला एक झडप असते. कंपनीची झडप ती हवा गुपचूप आत वळवते. केतकीनं ती काढून मोहन्याच्या कोणा भोईरांना विकली आणि दुसरी बसवली. ही हवा सरळ बाहेर सोडते. प्शिऽऽऽ.

"आजी, माझं फर्स्ट अपग्रेड!"

"यानं गाडी जोरात पळते?"

"नाही गं. नुसता आवाज येतो."

"मग तुझ्या बापाला टपावर बसवायचं ना. फुकटात झालं असतं."

आमचं पार्किंग पहिल्या मजल्याच्या उंचीवर आहे, उतारावरून वर जावं लागतं. उतारावर एक शिट्टी, वळणावर एक, जागेवर लावताना एक. केतकी काम घरूनच करते. सात वाजता लॅपटॉप मिटला की गाडी फिरवून आणायची आणि साडेसातला परत. साडेसातला आमच्या अख्ख्या विंगचे कुकर गॅसवर असतात. नाडकर्णीबाईंच्या कुकरची एक शिट्टी आणि गाडीच्या दोन, झाल्या तीन, की बाई गॅस बंद करून मालिका बघायला बसायच्या. वरच्या मजल्यावर वाटाण्याची उसळ गोट्यांसारखी झाली. एका घरात तर राजम्यावरून नवरा-बायकोचं बोलणं बंद झालं.

मी म्हटलं, बायांनो, दोन आवाज वेगळे आहेत, मी ओळखायला शिकवते. नाडकर्णीबाई म्हणाल्या, "आम्ही काय काल कुकर घेतला?" त्यांचा नवरा सोसायटीचा सेक्रेटरी. तो वर येऊन सांगून गेला की रविवारी सहाच्या मीटिंगपर्यंत शिट्टी गेली नाही तर पार्किंग काढून घेणार. माझा मुलगा विनायक, म्हणजे केतकीचा बाप, जेवता जेवता म्हणाला, "पार्किंग गेलं की गाडी विकायची. बाहेर नाल्यावर मी ती लावू देणार नाही." केतकीचा घास तसाच राहिला. मला तिचा पुळका नव्हता. माझे गुडघे आमच्याकडच्या खड्ड्यांतून परत रिक्षात जाणार होते, त्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, मी येते बरोबर.

शनिवारी सकाळी निघालो ते ठाण्याला. तिथे केतकीचा ट्यूनर आहे. तो म्हणे गाडीचा जोर लॅपटॉपवरून वाढवतो. मोठागावच्या नव्या पुलावरून माणकोलीला उतरलो आणि हायवे धरला. पूल झाल्यापासून डोंबिवलीकराला ठाणं जवळ आलंय असं म्हणतात. पूल झकास आहे, पुलापर्यंत पोचायलाच डबा बांधून घ्या. वाटेत गिअर बदलला की माझी मान दरवेळी पुढे जायची. मी विचारलं तर केतकी म्हणाली, "तुझी मान आहे ती." ठाण्यात तलावपाळीला मिसळ खाल्ली. नुसती लाल, तिखट नाही. चहा बरा होता.

ट्यूनरचं गॅरेज एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये आहे. बसायला काचेची एसी खोली, कॉफी काळी आणि कडू. ट्यूनर काळ्या टी-शर्टात, दाढी कोरलेली, बोलणं सर्जनसारखं.

"आजी, ताईंच्या गाडीला आपण स्टेज वन करणार आहोत."

"माझ्या नणंदेला स्टेज वन सांगितलं होतं. पिशवी काढली तिची."

त्यानं कॉफी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "यात काही काढत नाही आजी. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन मॅप टाकतो. गाडी लवकर पोचते."

"कुठून नेतो तो मॅप? शिळफाट्याच्या ट्रॅफिकमधून असेल तर नको."

केतकीनं मला कॉफी प्यायला सांगितलं.

त्यानं गाडी वर उचलली आणि त्याचा चेहरा पडला. टायर माझ्या जुन्या चपलेच्या तळासारखे गुळगुळीत. ब्रेकचे पॅड झिजलेले, ब्रेकचं तेल चहाच्या रंगाचं. "ताई, पहिलं अपग्रेड हे असतं. टायर, ब्रेक, प्लग. तुम्ही आधी शिट्टी घेतलीत?" केतकी लाल झाली. मला फार बरं वाटलं. ज्यांना सुरुवात करायचीये त्यांनी हाच क्रम धरा, बाकी सगळं नंतर. अर्धा दिवस त्यातच गेला आणि खर्चाचं मी लिहीत नाही, विनायक हे वाचतो.

दुपारी त्यानं लॅपटॉपची वायर जोडली आणि मानेचा उलगडा झाला. इंजिन आत घेतलेली हवा मोजतं आणि त्या हिशेबानं पेट्रोल सोडतं. आमची झडप ती मोजलेली हवा बाहेर फेकून देते. पेट्रोल मात्र ठरल्याप्रमाणे येतंच, आणि गाडी ठसका लागल्यासारखी हिसका देते.

"म्हणजे पाहुणे जेवायच्या आधी निघून गेले आणि स्वयंपाक सगळ्यांचा झाला," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली आजी. म्हणून जुनी झडप परत बसवल्याशिवाय मी मॅप टाकणार नाही. ती आणा. मॅप मी उद्या मेलवर पाठवतो, ताईंकडे वायर देतो, त्या टाकतील."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा शिट्टी वाजायला नको म्हणून गाडी गेटवर बंद केली आणि वॉचमन, विनायक आणि केतकीनं उतारावरून ढकलत वर नेली. मी आत बसून होते. कोणीतरी स्टिअरिंग धरायला हवं होतं. वरच्या खिडकीतून एका बाईनं विचारलं, "बिघडली का?" मी म्हटलं, "सुधारतेय."

रविवारी सकाळी मोहन्याला. कल्याणातून शहाडचा पूल ओलांडून आत वळायचं. रस्ता आंबिवलीपर्यंत कुठे सिमेंटचा, कुठे नुसता आशेवर. बंद पडलेल्या जुन्या कंपनीची लांबच लांब भिंत लागते, ती संपली की कोणालाही विचारा. भोईरांचं घर दुमजली आणि गुलाबी, पुढे आंगण, आंगणात आमच्यासारखीच गाडी, पांढरी. भोईरभाऊ पन्नाशीचे, गळ्यात जाड साखळी. त्यांची स्वतःची झडप फाटली होती म्हणून त्यांनी केतकीची घेतलेली.

केतकीनं हात जोडले. "काका, माझी झडप परत द्या. तुम्ही दिले तेवढे पैसे परत करते, वर थोडे देते."

"ताई, आज संध्याकाळी पुतण्याची हळद आहे. नवरदेवाला या गाडीतून फिरवायचाय. झडप काढली तर गाडी काय ढकलू?"

"आम्ही काल ढकलली," मी म्हटलं. "जाते."

ते ऐकेनात. केतकीचा आवाज रडका व्हायला लागला. सहाला मीटिंग, पार्किंग जाईल, गाडी विकतील, असं सगळं तिनं त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. मग मीच विचारलं, "भाऊ, हळदीला गाडीनं आवाज केलेला चालेल का?"

"म्हणजे?"

"केतकी, गल्लीतून एक चक्कर मार."

ती गेली, वळली, आंगणापाशी येऊन पाय उचलला. प्शिऽऽऽ. भोईरांचं तोंड उघडं राहिलं. "ताई, परत." परत. "ताई, अजून एकदा!" तिसरी शिट्टी झाली तशी आतून म्हातारीची हाक आली, "तीन झाल्या गो, गॅस बंद कर!"

आणि सुनेचा आवाज, "आई, आपला कुकर अजून वाजलाच नाय!"

भोईरभाऊ अदलाबदलीला एका पायावर तयार झाले. आमची शिट्टी त्यांना, त्यांच्याकडची मुकी झडप आम्हाला. पण म्हातारी आय काठी टेकत बाहेर आली. पाठीत वाकलेली, आवाज मात्र खणखणीत.

"ही गारी वाजली ना? माझ्या घरात नको. रोज कच्चा भात खावाचा काय?"

"आय, हळद आहे..."

"तू गप रे! इतका मोठा झायला तरी खेळनी पायजेत."

भोईरभाऊ आईपुढे एवढेसे झाले. केतकी माझ्याकडे बघायला लागली. मी आयच्या शेजारी ओट्यावर बसले.

"आय, कुकर कसा वाजतो?"

"कसा म्हन्जे? शिट्टीसारखा."

"आधी खदखदतो ना? मग शिट्टी, मग हळूहळू दम टाकतो. गाडीला खदखद नाही आणि दमही नाही. एकदम येते, एकदम तुटते. डोळे मिटा आणि आवाजाच्या शेपटीकडे कान द्या."

आयनं डोळे मिटले. सुनेनं आत कुकर परत चढवला, केतकी गल्लीत गाडी फिरवायला लागली. शेजारपाजारचे गोळा झाले. पहिली शिट्टी. "गारी." बरोबर. दुसरी. "कुकर." बरोबर. तिसरीला दोन्ही एकदम वाजले. आय डोळे न उघडता म्हणाली, "दोनी. आन् कुकरची रबर बदलाला झायलीय." सुनेनं आतून ओरडून सांगितलं, "व्हय, गळतेय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयनं पदर खोचला आणि मुलाला म्हणाली, "घे ती. पन डाळीच्या वेळी गावाबाहेर." नाडकर्णीबाई शिकलेल्या आहेत, त्यांना एवढं जमलं नसतं.

झडपा बदलायला केतकी आणि भोईरभाऊ दोघंही बॉनेटमध्ये कमरेपर्यंत गेले. मी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण जेवले. या अख्ख्या प्रवासातलं सगळ्यात चांगलं जेवण हेच, पण तिथे हॉटेल नाही, तुम्हाला काहीतरी विकायला न्यावं लागेल.

मग मॅप. केतकीनं स्टिअरिंगखाली वायर खोचली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि म्हणाली, "आता कोणी दार उघडायचं नाही, लाइट लावायचा नाही. मध्येच तुटलं तर गाडी मरेल." गाडीचे सगळे दिवे एकदम लागले, विझले, परत लागले. लोक कुजबुजत बोलायला लागले. आयनं सुनेला मिक्सर लावायला बंदी केली. वीस मिनिटं मोहन्याची ती गल्ली ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसल्यासारखी बसली. मग केतकी म्हणाली, "झालं," आणि कोणीतरी हळदीकुंकू घेऊन आलं. बॉनेटला बोट लावेपर्यंत त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

परतीच्या रस्त्यावर मला फरक कळला. पूर्वी ओव्हरटेक करताना केतकी विचार करायची. आता विचार संपायच्या आत टेम्पो मागे असतो आणि पाठ सीटला चिकटलेली असते. हिसका गेला. मान जागेवर. नव्या ब्रेकनं गाडी थांबते तेही एकदम, त्यामुळे मांडीवर सुकटीचा डबा ठेवू नका.

सहाच्या आत पोचलो. कमिटी खाली उभी, बायका खिडकीत. केतकीनं उतारावरून गाडी वर नेली, खाली आणली, परत नेली. एकही आवाज नाही. सगळे कान लावून उभे, आणि गाडी आपली मांजरीसारखी. नाडकर्णीबाईंना तर वाईटच वाटलेलं दिसलं.

सेक्रेटरी म्हणाले, "आज ठीक आहे. उद्या परत शिट्टी बसवली तर? गॅरंटी काय?"

"मी देते," केतकी म्हणाली.

"तुझी नको. आजींची चालेल." मग कमिटीनं कोपऱ्यात जाऊन डोकी जोडली आणि आजवरचा सगळ्यात मूर्ख ठराव केला. पार्किंग राहील, पण गाडी आत-बाहेर करताना आजी गाडीत पाहिजेत. त्या असतील तर पोरगी वाह्यातपणा करणार नाही.

मला कोणी विचारलं नाही. पण गाडी राहिली.

आता रोज सात वाजता मी गाडीत. तुम्ही विचाराल काय पडलं पदरात. मला विचाराल तर टायर आणि ब्रेक सगळ्यात आधी करा, मग मॅप, आणि शिट्टी हळदीच्या घरी द्या. केतकी मात्र हल्ली तोंड पाडून असते. परवा ट्यूनरशी बोलून फोन ठेवला आणि म्हणाली, "आजी, मॅपनं जेवढा जोर वाढला ना, त्यातला बराचसा तुला उचलण्यातच जातो. तो म्हणतो वजन कमी करणं हे सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे."

मी म्हटलं, "मग मागची सीट काढ. पुढची माझी आहे."