आजी, मी आज हसले

भेंडी तोडत होते तवा फोन वाजला. हातात मोजं, फोन कमरेच्या पिशवीत, काढस्तवर बंद झाला. परत वाजला. सारिकाचा होता, माझ्या नातीचा. ती बारामतीला कॉलेजात असती. फोनवर बोलायला तिला जास्तच अवघड जातं, म्हणून ती कधी फोन करत न्हाय, मेसेज करती आन् मी तो कुणाकडनं तरी वाचून घेती. त्यामुळं तिचा फोन म्हणल्यावर मी हातातलं मोजं काढूनच टाकलं. "आजी… ब… ब… बाई…" एवढंच आलं. पुढचं आलं न्हाय आन् मला लागलंबी न्हाय. मी म्हणलं, "कवा?" म्हणली, "स… सकाळी."

लोंढे बाई गेल्या. आमच्या वस्तीवरच्या शाळेत त्या लई वर्सं होत्या. पोटाचं दुखणं होतं, ते म्हाईत होतं. मी फोन पिशवीत घातला आन् ऱ्हायलेली भेंडी तोडून घेतली. कुणी म्हणंल, म्हातारीला काळीज हाय का न्हाय. पण भेंडी एक दिस ऱ्हायली की जून होती, ती कुणाच्या मरणाला थांबत न्हाय. आन् काम टाकून रडत बसलेलं माणूस बाईंनाबी बघवायचं न्हाय. मी दुसरीतनं शाळा सोडलेली बाई. हे मी सांगती आन् सारिका लिहिती. ती म्हणली, आजी, शुद्ध करू का? मी म्हणलं, न्हाय. बोलली तसंच ऱ्हाऊ दे, बाईंना असंच कळायचं.

आमची वस्ती निरवांगीकडं जाणाऱ्या रस्त्याला, कॅनॉलच्या पल्याड. मालक लवकर गेलं. सून सारिकाच्या जन्मानंतर अंथरुणाला लागली ती उठली न्हाय. लेक ऊस वाहायच्या ट्रॅक्टरवर, कारखाना सुरू झाला की घर म्हणजे मी, सारिका आन् शेळी. दुःखं सगळ्यांनाच असत्यात, त्याचं काय सांगायचं. पण पोरीचं बोलणं अडकायला लागलं ते मातर मला जड गेलं. शब्द ओठावर यायचा आन् तितंच गुतून बसायचा. घरात आमाला सवय. शाळेत तिचं नाव पडलं फटफटी. ती उभी ऱ्हायली की डेअरीवाल्या तात्यांचा नातू, विराज, बाकाखाली पाय आपटायचा, गाडीला किक मारल्यासारखा. "मार किक! मार किक! फट् फट् फट्…" आन् सगळा वर्ग हसायचा.

पाचवीला असताना एक दिस तिनं दप्तर कोनाड्यात ठेवलं आन् म्हणली जात न्हाय. लेक म्हणला, "बोलताच येत न्हाय तर शिकून काय वकील व्हायची हाय? ऱ्हाऊ दे घरी. भेंडी तोडंल." त्याच्यात वाईटपणा न्हवता, त्याला वाटलं पोरगी सुटंल. पण मला माझं आयुष्य म्हाईत होतं. दुसरीतनं घरी बसलेली पोरगी पुढं कुठं जाती, ते मला कुणी सांगायला नको. मी पायातलं पायताण हातात घेतलं आन् शाळेत गेले.

बाई फळ्यावर लिहीत होत्या. उंच, हाडकुळ्या, आवाज घोगरा, तोंडात कायम लवंग. माझ्या हाताकडं बघितलं आन् म्हणल्या, "आक्का, ते पायात घाला, फरशी तापलीय." मी म्हणलं, "कुठं हाय तो किक मारणारा? आज त्याची किकच मोडती." बाई मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. म्हणल्या, "त्याला मारला तर उद्या तो तुमी नसताना पोरीला मारंल. आन् मला सांगा, समोर कुणी हसलंच न्हाय, तर तो पाय कशाला आपटंल?" मी म्हणलं, "मग पोरांची तोंडं शिवणार हाय का?" त्या म्हणल्या, "बघूया."

पैल्यांदा त्यांनी काढलं की वर्गात सगळ्यांनी एकामेकाला अहो-जाहो करायचं. ते चांगलंच अंगावर आलं. दुसऱ्या दिशी विराज दारात वाकून म्हणला, "या या फटफटीबाई, तुमी आज पेट्रोल टाकून आलाय न्हवं?" मी समजावून धाडलेली सारिका तशीच माघारी फिरली आन् दप्तर परत कोनाड्यात गेलं. बाई संध्याकाळी घरी आल्या आन् उंबऱ्यावरच म्हणल्या, "आक्का, माझं चुकलं. अहो म्हणून पण थुकता येतंय." मास्तर माणूस चुकलं म्हणतंय, हे मी तवा पैल्यांदा ऐकलं. मग म्हणल्या, "उद्यापासनं तुमच्या दारात पोरं येतील. हाकलू नका आन् लाडबी करू नका."

दुसऱ्या दिशी शाळा सुटल्यावर शेजारच्या मळ्यातली पूजा दारात येऊन उभी. दप्तर पाठीला तसंच. नखं खात म्हणली, "आजी, मी आज हसले."

मी म्हणलं, "का हसलीस?"

"सारिकाच्या रिकाम्या जागेपुढं विराजनं किक मारली. सगळी हसली म्हणून."

"बरं. पाणी पी."

दारात आलेल्या माणसाला पाण्याबिगर आमी पाठवत न्हाय, मग ते भांडायला का आलेलं असंना. तिनं पाणी पिलं, तांब्या पालथा घातला आन् गेली. तिच्या मागं अजून पोरं. "आजी, मी हसलो." "मीबी हसलो, पण हळू." बाईंचा नियमच तसा होता. चिडवणाऱ्याला यायचं न्हाय, जो हसला त्यानं ज्याला चिडवलं त्या पोराच्या घरी चालत जायचं आन् घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. सॉरी म्हणायचं न्हाय. बाई म्हणायच्या, "सॉरी पोरांच्या तोंडात चिंगमसारखं असतंय. चघळायचं आन् बाकाखाली चिकटवायचं." मी माफबी करत न्हवते आन् रागंबी भरत न्हवते. पाणी देत होते. रांजणाची पार दमछाक झाली.

सारिका तवा आत दडून बसायची. एक दिस तिला कळलं न्हाय पोरं आल्याती ते. ती गोठ्यात शेळीसंगट बोलत होती, हे खा, ते नको, काल कुठं उंडारत होतीस, आसं घडाघडा, पाट वाहावा तसं. पूजानं माझ्याकडं बघितलं, माझ्याकडनं गोठ्याकडं. मग वरडलीच, "सारे! तू शेळीबरोबर तर अडकतच न्हाईस की!" सारिका दचकली. लाल झाली. वाटलं पळती आता. पण पेंडी हातात धरून तितंच उभी ऱ्हायली आन् म्हणली, "शेळी ह… ह… हसत न्हाय."

पोरं पाणी न पिताच गेली त्या दिशी. सोमवारी तिनं कोनाड्यातलं दप्तर काढलं. विराज किक मारायचा, मारून मारून पाय दुखला आसंल त्याचा, पण गाडी काय सुरू झाली न्हाय. कोण हसलंच न्हाय.

मग तात्या आले. गावात दूध डेअरी त्यांची, शाळेच्या कमिटीत त्यांचाच शब्द. मी खिचडीचे तांदूळ निवडू लागायला शाळेत गेले होते, व्हरांड्यात बसले होते. तात्या गाडीवरनं उतरले न्हाय तेवढ्यात सुरू. "बाई, चांगल्या घरची पोरं तुमी हिच्या दारात उभी करताय? हे काय कोर्ट हाय?"

बाई म्हणल्या, "कोर्टात पाणी देत न्हाईत तात्या."

"पोरं चिडवत्यातच. आमाला कुणी चिडवलं न्हाय? आमी मेलो का?"

"कुठल्या नावानं चिडवायचे तुमाला?"

तात्यांचा मिशीला हात गेला, खाली आला. बाई वाट बघत उभ्या. मग लवंग एका गालातनं दुसऱ्या गालात घेतली आन् म्हणल्या, "नातू शाळेत जातोय तुमचा. आन् ते नाव अजून तोंडातनं निघत न्हाय ना?"

"बदली करीन तुमची."

"करा. जाईन तितंबी पोरं हसतच असतील. माझं काम तितंबी हाय."

तात्या तरातरा गाडीकडं गेले आन् किक मारली. गाडी उठंना. दुसरी मारली. फट् फट् आन् गप. सगळी शाळा खिडकीतनं बघत होती. तात्यांच्या टोपीतनं घाम. एकबी पोरगं हसलं न्हाय, देवाशपथ. मला मातर आवरलं न्हाय. पदर तोंडात कोंबला तरी आवाज फुटलाच. तात्या ढकलत गाडी घेऊन गेले. बाई माझ्याकडं वळल्या. तोंडावर एक रेघ हलली न्हाय. "आक्का, संध्याकाळी तात्यांच्या घरी जाऊन यायचं."

"मी? त्या माणसाच्या दारात?"

"हसलासा न्हवं?"

गेले. काय करती. तात्यांच्या मालकीण दारात आल्या, त्यांना म्हणलं, "तात्यांना सांगा, मी आज हसले." आतनं तात्यांचा आवाज आला, "तिला म्हणावं, पाणी पिऊन जा." चहाबी दिला. साखर जास्तच होती.

बदली त्यांनी केलीच. पुढच्या साली बाई गेल्या इंदापूरच्या पल्याड. वस्तीवरची माणसं म्हणली, अर्ज देऊया, मोर्चा काढूया. बाई म्हणल्या, कशाला, मी काय मेले का. सामान टेम्पोत भरायला विराजच आला होता, कुणी बोलावलं न्हवतं. नवीन शाळेत त्यांनी तेच सुरू केलं. तितंबी लोकं भांडायला आली आसं ऐकलं. बाई एका पावलानंबी मागं सरल्या न्हाईत, पोटाच्या दुखण्यावरच्या औषधानं केस गेलं तरी टोपी न घालता वर्गावर जायच्या. पोरं बघायची, बघू द्यायच्या.

त्या गेल्यावर आमच्या शाळेनं मांडव घातला, शोकसभा ठेवली. माणसं बरीच आली, माईकबी होता. एकामागं एक उठत होते आन् सगळ्यांचं एकच. बाई लई गोड. लई मायाळू. कधी कुणाला उलटून बोलल्या न्हाईत. बदलीच्या कागदावर ज्यांनी सह्या केल्या तेबी हेच म्हणत होते. मी खाली सतरंजीवर बसून ऐकत होते आन् माझं डोकं फिरत होतं. पण मला बोलायला कोण देणार… आन् मग बघती तर सारिका उठली. मला न विचारता. माणसांतनं वाट काढत गेली आन् माईकपुढं उभी ऱ्हायली.

"बाई…" म्हणली आन् अडकली. लई अडकली. मान ताठ, डोळं मिटलं, शब्द येईना. माईकवाल्याला वाटलं मशीन बिघडलं. तो वायर हलवायला लागला, माईकवर टकटक केली, बटण फिरवलं, माईक शिट्टीगत वाजला. पुढच्या खुर्चीवरनं कुणीतरी मायेनं म्हणलं, "बस पोरी, कळलं आमाला. बस खाली."

सारिकानं डोळं उघडलं. माईकवाल्याचा हात बाजूला केला.

"माईकला क… काय झालं न्हाय. मी अशीच बोलती. थ… थांबा."

माईकवाला हात मागं घेऊन उभा ऱ्हायला. तात्या मांडीवर टोपी ठेवून बसले होते, ते हलले न्हाईत. बारकी पोरं खाली बसलेली, त्यातलं एकबी हसलं न्हाय. सगळा मांडव थांबला. किती येळ, मला म्हाईत न्हाय, तिला लागंल तेवढा.

"बाई ग… ग…" म्हणली, आन् शब्द तिचा तिनं आणला. "गोड न्हवत्या."