दहा घाव सोसलेले दात

खौ गुइयिंगला आपल्या चुकीची कबुली लिहायची होती, आणि चूक काय केली तेच तिला सापडत नव्हतं. मंगळवारी सकाळी, पाळी सुरू होण्याआधी, सगळ्या कामगारांसमोर ती वाचायची असा कारखान्याचा रिवाज. नाही वाचली तर चाचणीचा शिक्का तिच्याकडून जाणार. बावीस वर्षं जपलेला शिक्का!

चीनमधल्या चचंग गावच्या त्या कारखान्यात कृत्रिम हिरा बनतो तो बोटात मिरवायला नव्हे. तेलविहिरी खणणाऱ्या बिटाला, म्हणजे गिरमिटाच्या टोकाला, बसवायचे दात ते; शर्टाच्या बटणाएवढे, काळेकुट्ट. शंभरातले पाच गुइयिंगच्या घणाखाली यायचे. दहा घाव सोसले की माल पास. मग त्या पाचांच्या कडेवर ती हिऱ्याच्या सुईनं रेघ कोरायची आणि ते भंगारात टाकायची. दिसायला नवेकोरे, पण आत केसाएवढी चीर पडलेली असते आणि दर घावाला ती पुढे सरकते, हे तिला आवाजावरून कळायचं. त्या आवाजानं तिचा उजवा कान कधीच नेला होता. सगळे तिला मानानं खौ शिफू, म्हणजे खौ उस्ताद, म्हणत, ते काही उगाच नाही.

तीन वर्षांपूर्वी नवा मॅनेजर दुआन आला आणि भंगाराच्या डब्यापाशी थबकला.

"खौ शिफू, डोकं ठिकाणावर आहे ना? दहा घाव खाऊन ओरखडा नाही, आणि हे भंगार? अहो, हे तर आपले सगळ्यात पक्के गडी!"

"मॅनेजर, त्यांचं बळ संपलंय. वरून दिसत नाही, एवढंच."

"म्हणजे न ठोकलेले चांगले आणि ठोकून टिकलेले वाईट? वा!"

तेव्हापासून दुआनच्या हुकमानं रेघेचे दात विक्रीच्या खोक्यात, वरच्या थरात जाऊ लागले. गुइयिंगनं सांगून पाहिलं, लिहून दिलं, एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत भांडली. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि आता तेलक्षेत्रातून फुटक्या दातांची पिशवी परत आली होती. अकरा दात, त्यातल्या नऊंवर तिच्या हातची रेघ. दुआन म्हणाला, चाचणी ढिसाळ झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

नवरा तिखट सूप भुरकत म्हणाला, "लिहून टाक की. सगळेच लिहितात." तो वाडगा त्याच्याच डोक्यावर पालथा घालावा असं तिला वाटलं. तरी तिनं लिहिलं.

मंगळवारी तिनं वाचलं, "मी निष्काळजीपणे चाचणी केली." लाज वाटली, स्वतःचा रागही आला. कागद खिशात कोंबून तिनं बांधलेल्या खोक्यातून रेघेचा एक दात काढला आणि घणाखाली ठेवला.

"मोजा."

एक. दोन. तिसऱ्या घावाला दाताचे दोन तुकडे झाले. तिनं दुआनकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघितलंत? दहा घाव कमीच पडतात! उद्यापासून वीस. वीस सोसतील ते खरे पक्के. ते वरच्या थरात घाला."

गुइयिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं बोलून तोंड दुखलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती विसाला थांबलीच नाही. कुणी तेविसाव्या घावाला फुटला, कुणी एकतिसाव्या. आकडे तिनं वहीत नीट मांडले आणि तुकडे झाडून टाकले. चौथ्या दिवशी दुआन आपले पक्के गडी शोधत आला.

"एकही वाचला नाही?"

"वीस घाव सगळ्यांनी सोसले. माल पास."

"मग पुढे ठोकलंत कशाला?"

"वाचले असते तर तुम्ही विकले असते."

कारखान्याचा माल जाणूनबुजून फोडल्याची नवी कबुली लिहायचा हुकूम झाला. शिक्का राहतो की जातो, ते पुढच्या मंगळवारी ठरणार होतं. ही कबुली लिहायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं.