पडवीतला धनेश

माझे वडील कणकवलीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मोडलेलं हाड बांधण्यात त्यांचा हात इतका चांगला, की गावची माणसं गुरंसुद्धा आमच्या दारात आणायची. साठ सालच्या आसपास, एका फाल्गुनात, देवराईच्या वाटेवर पडलेला धनेश पक्षी ते पंच्यात गुंडाळून घरी घेऊन आले. अंगानं काळा-पांढरा, चोच पिवळी आणि जड. कुणाच्या तरी बंदुकीचा छर्रा उजव्या पंखात शिरला होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

वडिलांनी छर्रा काढला आणि बांबूची कांबट लावून पंख बांधला. पडवीचा एक कोपरा जुन्या जाळ्यानं बंद करून त्याला ठेवलं. पपई, वडाची फळं मी हातानं द्यायची. तो गिळायचा, आणि थोड्या वेळानं तीच फळं एकेक करून चोचीच्या टोकाशी आणायचा, अख्खी. तसाच खांबाकडे तोंड करून उभा राहायचा. मला त्याचं हसू यायचं. पोट बिघडलं असेल म्हणून वडिलांनी त्याला ओव्याचं पाणी पाजलं. पंख मात्र छान जुळत होता. दवाखान्यात येईल त्याला ते कौतुकानं सांगायचे.

तीन आठवडे गेले. पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करणारी एक म्हातारी दुपारी पाणी मागायला थांबली. पक्षी बघून तिनं तांब्या खाली ठेवला.

"ह्यो नर मां गो? ह्येची बायल ढोलीत आसतली. ढोलीचा तोंड लिपून ती आत बसता. ह्योच तिका भरवता."

वडील जेवत होते. ते ताटावरून उठले.

म्हातारीला घेऊन आम्ही देवराईत शोधलं. बेहड्याच्या एका झाडाला ढोली सापडली. तिच्या तोंडावरचं लिंपण आतून फोडलेलं होतं. वडील वर चढले, आत हात घातला. दोन पिल्लं निघाली, वाळून हलकी झालेली. मादीची लांब पिसंही खूप होती. ती आत पिसं झाडते, बाहेर पडली तरी तिला उडता येत नाही, असं म्हातारीनं सांगितलं. अंधार पडेपर्यंत आम्ही करवंदीच्या जाळ्या धुंडाळल्या. मादी मिळाली नाही.

परतताना वडील एकदाच बोलले.

"माका नुसतो पंख दिसलो गो."

चैत्रात मी धनेशाला सोडलं. वडील त्या दिवशी मुद्दाम लवकर दवाखान्यात गेले होते. संध्याकाळी पाय धुताना त्यांनी विचारलं, गेला का. मी हो म्हटलं. नीट उडाला का, हे त्यांनी विचारलं नाही.