पुतळीबाईची टाच आणि भुलीचे औषध

पेणच्या खाडीकाठी ज्यांची हयात मिठागरात सरली, त्यांच्या लेखी पायाची भेग ही जखम नव्हेच. तीत वितळलेले मेण भरावे आणि पुन्हा खाऱ्या पाण्यात उतरावे, हाच तिथला पिढीजात उपचार. मिठात काही कुजत नाही, ही त्यांची श्रद्धा. पुतळीबाई तीस वर्षे याच श्रद्धेने वागली. त्यामुळे रोह्याच्या रुग्णालयात दाखल होतानाही टाचेतली ठणक तिने कुणाला सांगितली नाही. स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली होती, आणि ती देहात एक दिवसही अधिक राहू द्यायची नाही, असा तिचा निश्चय होता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी भूलतज्ज्ञ डॉ. किमया तिच्या खाटेशी बसल्या.

"मावशी, शिरेतून औषध दिलं की तुम्हाला झोप लागेल. पण रक्तात जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी असतात. औषधाने आणि शस्त्रक्रियेच्या ताणाने त्याही थोड्या सुस्तावतात. निरोगी माणसाचं त्यानं सहसा बिघडत नाही, काही दिवसांत त्या सावरतात. पण अंगात आधीच कुठे पू धरला असेल, तर जंतूंचं फावतं. ताप, गळू, जखम, काही आहे का?"

"नाय," पुतळीबाई चटकन म्हणाली.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्या. उशाशी उभा असलेला पुतळीबाईचा नवरा नाथा कुजबुजला, "टाचेचं का नाय सांगितलंस गो?"

"गप रवा. घरी धाडतील."

"धाडूंदे. राखणदारच झोपल्यावर भरती आली, तं बांध कोण राखील? मी?"

"तुमी? तुमी तं जागेपनीच घोरता!"

बोलताना ती हसली खरी. पण बांधाचे नाव निघाले आणि तिचे मन थबकले. मिठागराचा एक अलिखित धर्म असतो: बांधात खेकड्याचे बीळ, ज्यातून पाणी शिरून बांध फुटतो, ज्याला दिसेल, त्याने तत्क्षणी हाक द्यावी, चूक आपली असली तरी. हा धर्म तिने आजवर एकदाही मोडला नव्हता. आज बीळ तिच्याच देहात होते, आणि ती मुकी राहिली होती.

"डॉक्टर!" तिने हाक दिली. "खोटं बोलले मी."

मेण काढताच आत साचलेला पू दिसला. शस्त्रक्रिया दहा दिवस पुढे गेली. तिने विनवणी केली नाही.

"धा म्हंजे धाच हां," ती एवढेच म्हणाली.

पेणला परतले तर ऐन हंगामात पाय आपोआप मिठागराकडे वळतील, हे ती जाणून होती. म्हणून कुंडलिका नदीचा पूल ओलांडून ती पलीकडच्या अष्टमी गावात बहिणीकडे, मालूकडे, राहिली. घड्याळ पाहून गोळ्या घेतल्या, रोज रुग्णालयात जाऊन पट्टी बदलून घेतली, आणि पाय जराही ओला होऊ दिला नाही. कामावर ये म्हणून मिठागराच्या मुकादमाचे चार निरोप आले. चारही तिने रिकाम्या हाती परतवले.

अकराव्या सकाळी डॉ. किमयांनी टाच दाबदाबून पाहिली. कोवळी त्वचा धरली होती. ठणक उरली नव्हती.

पुतळीबाईने बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"टोचा आता," ती म्हणाली. "माजं काय बी लपवलेलं नाय."