आउटबॉक्समधला राग

तुमचा राग विझला, असं दुसऱ्याच कुणी परस्पर ठरवलं तर तुम्ही ते चालवून घ्याल का?

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांना लिफ्ट बंद केली, म्हणून मी सगळ्या सभासदांना एक तिखट मेल लिहिला होता. तो निघायच्या आतच कॉम्प्युटर बंद पडला. हे कळल्यावर, हा नियम करणारे चेअरमनकाका लिफ्टच्या दारात हसले, "बरं झालं गं बिघडला. आता तुझं डोकंही थंड होईल." शेजारच्या जिन्यावरून आमच्याकडे कामाला येणाऱ्या सुशीलामावशी गुडघा धरून चढत होत्या.

दुरुस्त झालेल्या कॉम्प्युटरवर आज जुना डेटा परत चढवला. मेलचा प्रोग्राम पासवर्ड नाकारतच राहिला. एकेक सेटिंग तपासत गेले, शेवटी जोडणी झाली आणि आउटबॉक्समध्ये अडकलेला तो मेल आपोआप निघाला.

"अगं, थांबव तो!" आई ओरडली.

"मावशींचा गुडघा थांबलाय का दुखायचा?"

आपला राग निवेल, या भरवशावरच असले नियम जगतात. यंत्राने माझा राग होता तसा, कढत परत दिला. काका आता जेवत असतील. अडकू दे घास.

तुमच्या इमारतीत असा नियम असेल, तर उद्या कामाला येणाऱ्या बाईंसोबत लिफ्टमध्ये शिरा आणि बटण त्यांना दाबू द्या.