मावशीच्या गोळ्या आणि वन्संची प्रार्थना

दोन खोल्यांत पाळणाघर चालवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली मावशीच म्हणायची. कुठलं बाळ कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाला पाय थोपटलेले लागतात, सगळं तिला पाठ. प्रार्थना मंडळात पहिला सूर तिचा. देवावर इतकी भिस्त, की दूध उतू गेलं तरी त्याच्या मनात काहीतरी असेल म्हणायची.

अशा बाईचं मन एकाएकी बसलं. कारण म्हणाल तर काही नाही. नवरा सरळ, लेक सासरी सुखात. पण सकाळी पाय जमिनीला लावायचा तर अंगावर डोंगर. बाळ रडलं की शेजारच्या घरात रडतंय असं वाटायचं. उचलून घ्यायची, हयगय कधी केली नाही, पण आत सगळं कोरडं. प्रार्थनेत तोंड हलायचं, आत कुणी नसायचं. तिला वाटलं, देवानं पाठ फिरवली, आपलंच काहीतरी चुकलं. त्या धास्तीनं ती आणखी वेळ हात जोडून बसायची आणि उठताना आणखी रिकामी उठायची.

शेवटी तिनं दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "देवाला कशाला मध्ये ओढता? हा आजार आहे. गोळ्या घ्या. प्रार्थना करायची तर तीही करा, मी कुठं नको म्हणते?"

गोळ्यांनी हळूहळू फरक पडला. एका सकाळी चहाची चव लागली, तर बाईला रडूच फुटलं.

एवढा आनंद एकटीच्या पोटात मावेना. तिनं थोरल्या नणंदेला सांगितलं. नणंद मंडळाची प्रमुख, पण हिची लग्नापासूनची मैत्रीणच.

"वन्सं, कुणाला बोलू नका हं. लोक मुलं पाठवायची नाहीत."

"वेडी का तू? माझ्या तोंडून अवाक्षर निघायचं नाही."

पुढच्याच बैठकीत वन्संनी माईक हातात घेतला. "आपल्या एका बहिणीची श्रद्धा डळमळली आहे. डोक्याच्या गोळ्या खाते बिचारी. नाव मी घेणार नाही, पण आपली लेकरं दिवसभर तिच्याकडे असतात. तिच्यासाठी हात जोडू या."

हात सगळ्यांनी जोडले. डोळे मात्र एकीनंही मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाळणे रिकामे. एका बाळाची आजी तेवढी सांगायला आली, "आता मीच सांभाळीन म्हणते. तुम्हालाही विश्रांती."

मावशी तडक नणंदेकडे गेली.

"अगं, मी माणसांना कुठं सांगितलं? देवाला सांगितलं!"

"देवाला ऐकायला माईक लागतो का हो, वन्सं?"

वन्संचं तोंड एवढंसं झालं. "तुझ्या भल्यासाठीच केलं ना. थांब, मीच निस्तरते."

आणि त्यांनी निस्तरलं. पुढच्या बैठकीत, भरल्या सभेत, "प्रार्थनेला फळ आलं! आपल्या बहिणीनं गोळ्या सोडल्या!"

टाळ्या पडल्या. बाळाची आजी वळून हसली, "उद्या आणते हो त्याला."

मावशीनं नुसती मान हलवली असती तर पाळणे भरले असते. पण मग रोज गोळी चोरासारखी भिंतीकडे तोंड करून गिळायची. आणि इथं बसलेल्यांतली कुणी आतून बुडत असेल, तर ती आज घरी जाऊन आपल्या गोळ्या फेकून देईल, त्याचं काय?

ती उठून उभी राहिली. "गोळ्या चालू आहेत. आज सकाळीच घेतली. देवालाही मानते आणि गोळीही घेते. मुलं आणायची तर हे ऐकून आणा."

नणंद मटकन खाली बसली. "देवासमोर मला खोटं पाडलंस! बहिणीसारखी वागवली गं तुला!"

झालं. सगळ्या बायका वन्संकडे धावल्या. कुणी पदरानं वारा घातला, कुणी पाठ चोळली. बाळाची आजी पाण्याचा पेला घेऊन मावशीच्या अंगावरून गेली, वर बघितलंसुद्धा नाही.

मावशी घरी आली तेव्हा नवरा म्हणाला, "आज लवकर? आणि ताईला बरं नाही म्हणे, फोन आला होता. थांबायचं नाहीस का?"

"कशाला?" मावशी म्हणाली. "त्यांना पाणी पाजायला पुष्कळ जणी आहेत."